बंदीनंतरच्या पिशव्या: तोलून, ओढून, पाण्यात बुडवून

मंडईत भाजीवाल्या मावशी गवार तोलतात, पारडं तसंच हातात धरून ठेवतात आणि विचारतात, “पिशवी आणलीय का?” नाही म्हटलं की त्यांचा हात गोणपाटाखाली जातो आणि तिथून काहीतरी बाहेर येतं. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्राने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. असलेला साठा संपवायला तीन महिने दिले आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला. तेव्हापासून गोणपाटाखालून निघणाऱ्या वस्तूचे चार-पाच प्रकार झाले आहेत. काही खरोखर चालणारे, काही नुसते चालवून घेतलेले. त्या पिशव्यांचं हे परीक्षण आहे आणि ओघानेच बंदीचंही, कारण कोणती पिशवी चांगली हे ठरवायला आधी मनाई नेमकी कशाला आहे ते कळायला हवं.

२०१८ची बंदी फक्त विक्रीवर नाही. अधिसूचनेच्या नावातच उत्पादन, वापर, विक्री, वाहतूक, हाताळणी आणि साठवणूक असे सगळे शब्द आहेत. म्हणजे पिशवी देणारा दुकानदार जितका त्यात येतो, तितकंच ती हातात घेऊन घरी निघालेलं गिऱ्हाईकही येतं. तेव्हा ठरलेली शिक्षा अशी: पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये व तीन महिन्यांची कैद. हातगाडीवाल्याला आणि कारखानदाराला एकच आकडा लावणं ही या बंदीतली सर्वांत मोठी चूक आहे. ज्याचा दिवसाचा गल्लाच ५,००० होत नाही, त्याला तो दंड भरताच येत नाही. मग एक तर कारवाई होत नाही किंवा भलत्याच वाटेने मिटते.

त्याआधीची बंदी आठवा. २६ जुलै २००५च्या पावसात मुंबई बुडाली, गटारं आणि नाले पिशव्यांनी तुंबले होते हे सगळ्यांनी पाहिलं, आणि २००६मध्ये राज्याने नियम केला: ५० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ आणि ८ बाय १२ इंचांपेक्षा लहान पिशवी नको. कागदावर नियम चोख होता. पण माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. ४० आणि ५० मायक्रॉनमधला फरक बोटांना कळत नाही, डोळ्यांना दिसत नाही, त्याला मायक्रोमीटर, म्हणजे जाडी मोजायचं उपकरण लागतं. जी मनाई गल्ल्यावर उभ्या असलेल्या दोन माणसांना तपासता येत नाही, ती मनाई दोघांपैकी कोणीच पाळत नाही. २०१८ला सरसकट ‘पिशवी नको’ म्हटल्यावर हा घोळ संपायला हवा होता. पण जूनअखेरीस किरकोळ दुकानांतल्या पॅकिंगसाठी पुन्हा ५० मायक्रॉनची सूट आली आणि तीच न दिसणारी रेघ परत आखली गेली.

केंद्राचा नियम या बाबतीत बरा आहे. ३० सप्टेंबर २०२१पासून ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२पासून १२० मायक्रॉनच्या आतली कॅरीबॅग चालत नाही. १२० मायक्रॉनची पिशवी दिसतेच वेगळी. ती चुरगाळून सोडली की परत उघडते, मुठीत मावत नाही. शंका असेल तर घरातला स्वयंपाकाचा वजनकाटा पुरतो. पिशवी सपाट पसरा, लांबी गुणिले रुंदी गुणिले दोन (दोन्ही बाजू धरून) असं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये काढा. ग्रॅममधल्या वजनाला १०,०००ने गुणा आणि क्षेत्रफळ गुणिले ०.९२ने भागा. येईल ते उत्तर मायक्रॉनमध्ये. ०.९२ ही साध्या पॉलिथिनची घनता आहे. ३० बाय ४० सेंटिमीटरची पिशवी १२० मायक्रॉनची असेल तर ती साडेसव्वीस ग्रॅम भरली पाहिजे. तेवढ्याच मापाची २० मायक्रॉनची, म्हणजे जुनी ओळखीची चुरचुरीत पिशवी, साडेचार ग्रॅमही भरत नाही. एकेक ग्रॅमचा काटा असेल तर दहा पिशव्या एकत्र तोला आणि दहाने भागा, नाहीतर उत्तर फसवं येतं.

याच हिशेबात नियमाचं खरं बळ आहे. प्लास्टिक किलोवर विकलं जातं. पातळ पिशव्या किलोत सव्वादोनशेच्या आसपास बसतात, १२० मायक्रॉनच्या जेमतेम सदतीस. एवढी महाग पिशवी कोणी फुकट देत नाही आणि विकत घेतलेली पिशवी कोणी वाऱ्यावर सोडत नाही.

पातळ पिशवीचे गुणही मान्य करायला हवेत. साडेचार ग्रॅमच्या वस्तूत चार-पाच किलो ओझं, पाणी गळत नाही, वास बाहेर येत नाही, खिशात मावते आणि गिऱ्हाइकाला फुकट मिळते. बंदीनंतरची एकही पिशवी हे सगळं एकटीने करत नाही. म्हणून ‘याला पर्याय काय’ या प्रश्नाचं एकच उत्तर शोधणाऱ्यांची फसगत होते. सुक्या मालाला एक, ओल्याला दुसरं, असं काम वाटून द्यावं लागतं. तरीही ती जायलाच हवी होती. कारण तिची किंमत भरणारा वेगळाच असतो. पिशवी वापरणारा तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि नाला तुंबल्यावर पाणी तळमजल्याच्या खोलीत शिरतं. उष्ट्या अन्नाला गाठ मारून टाकलेली पिशवी गाय अख्खी गिळते, ती पुढे सरकत नाही, पोटाच्या पहिल्या कप्प्यात साठत जाते आणि जनावर खाऊनही खंगतं. बांगलादेशाने २००२मध्ये पातळ पॉलिथिनवर देशभर बंदी घातली, त्यामागेही पुरात तुंबलेली गटारंच होती. आयर्लंडने त्याच वर्षी बंदी न घालता पिशवीमागे १५ सेंट कर लावला आणि वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. प्रत्येक पिशवीची पावती फाडणाऱ्या दुकानात कर चालतो. आठवडी बाजारात, जिथे पावतीच नाही, तिथे तो वसूल कोण करणार? आपल्याकडे बंदीच हवी, फक्त ती दुरूनही दिसणारी हवी.

आता गोणपाटाखालून सर्वांत जास्त निघणारी वस्तू: ‘कापडी’ म्हणून दिली जाणारी नॉन-वोव्हन पिशवी. ती कापडी नाही. पॉलिप्रॉपिलिनचे तंतू गरम रुळाखाली दाबून केलेली ती चादर असते आणि रुळाचा ठसा तिच्यावर बारीक ठिपक्यांच्या जाळीसारखा दिसतो. कडेचा धागा ओढून पाहा. विणलेल्या कापडातून सरळ एक धागा निघतो, हिच्यातून केसाळ पुंजका निघतो. कातरलेला नखाएवढा तुकडा चिमट्यात धरून काडी लावली तर सुती कापड कागदासारखं जळून राख होतं. हा तुकडा आकसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी धरतो. केंद्राच्या नियमाप्रमाणे ६० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ६० ग्रॅमच्या) आतली नॉन-वोव्हन कॅरीबॅग ३० सप्टेंबर २०२१पासून बंद आहे. तपासायला दहा सेंटिमीटर चौरसाचे दहा तुकडे कापा, एकत्र सहा ग्रॅम भरले पाहिजेत. कापायची नसेल तर ३५ बाय ४० सेंटिमीटरच्या पिशवीचं बंदाविना वजन सतरा ग्रॅमच्या आसपास हवं. बाजारात फुकट मिळणाऱ्या अनेक पिशव्यांतून उजेडाकडे धरल्यावर पलीकडची बोटं मोजता येतात. त्यांना काटा लावायचीही गरज नाही.

६० जीएसएमच्या वरची, शिवलेल्या बंदांची नॉन-वोव्हन पिशवी किराण्याला चांगली चालते. बंद नुसते यंत्राने दाबून चिकटवलेले असतील तर घेऊ नका. चिकटवलेल्या चौकोनाच्या कडेला चादर पातळ झालेली असते आणि पिशवी तिथूनच फाटते. दुसरा दोष उन्हाचा. गॅलरीत खिळ्याला टांगलेली ही पिशवी काही महिन्यांत ठिसूळ होते, हातात घेताच पांढरा भुगा पडतो. तो भुगा म्हणजे प्लास्टिकच. तो झाडून गोळा करता येत नाही. दाराआड, सावलीत ठेवा.

तिसरी आहे हिरवट, मऊ, किंचित पिठूळ लागणारी ‘कंपोस्टेबल’ पिशवी. सर्वांत जास्त फसवणूक इथे होते, कारण हिच्यावर जाडीची अट नाही. त्यामुळे साधी पातळ पिशवीही हिरव्या शाईत दोन पानं छापून हिच्या नावावर खपवली जाते. पिशवीवर ‘कंपोस्टेबल’ हा शब्द, आयएस १७०८८ हे मानक, उत्पादकाचं नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक हवा. नुसतं ‘बायोडिग्रेडेबल’ किंवा ‘इको-फ्रेंडली’ लिहिलेलं असेल तर ती पिशवी या दाराने आत येत नाही. ‘ऑक्सो’ असा शब्द दिसला तर लगेच परत करा. त्या प्लास्टिकचे फक्त तुकडे होतात, माती होत नाही.

छापील मजकुरावर विसंबायचं नसेल तर पाण्याची कसोटी करा. पिशवीचा दोन सेंटिमीटरचा तुकडा कापा. ग्लासभर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे तुकड्याला बुडबुडे चिकटत नाहीत. तुकडा चमच्याने तळापर्यंत नेऊन सोडा. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन पाण्यापेक्षा हलकं असतं, ते वर येतं. कंपोस्टेबल पिशव्या ज्या पीबीएटी आणि पीएलए या कुजणाऱ्या प्लास्टिकांपासून करतात, त्यांची घनता १.२५च्या जवळ असते, ते तळाशी राहतात. वर आला तर निकाल पक्का: पिशवी खोटी. बुडाला तर मात्र लगेच खरी समजू नका. स्वस्त पॉलिथिनमध्ये खडूची भुकटी भरपूर मिसळली असेल तर तेही बुडतं. अशा वेळी प्रमाणपत्राचा क्रमांक पाहणं आलंच.

खरी कंपोस्टेबल पिशवीही घरच्या खताच्या टोपलीत टाकायची वस्तू नाही. मानकातली चाचणी मोठ्या खतप्रकल्पाच्या उष्णतेवर, म्हणजे साधारण ५८ अंशांवर होते. त्या उष्णतेत १२ आठवड्यांत तिचे तुकडे विरायला हवेत आणि १८० दिवसांत ९० टक्के कर्ब वायुरूपात जायला हवा. गॅलरीतली बादली तेवढी तापत नाही, तिथे ही पिशवी पुढच्या पावसाळ्यातही ओळखू येते. भंगारवाला तिला घेत नाही, आणि ओला कचरा निवडणाऱ्या ताईंना ती साध्या प्लास्टिकपासून वेगळी ओळखता येत नाही, त्यामुळे त्या ती बाजूलाच काढतात. गावात किंवा सोसायटीत मोठा खतप्रकल्प असेल आणि ओला कचरा तिथेच जात असेल तरच तिचा उपयोग. शिवाय ती ताणते. पातळ कंपोस्टेबल पिशवीत तीन किलोच्या पुढे बटाटे घातले की मूठ लांबत जाऊन बोटांत रुतते. गठ्ठाही उन्हात, दमट जागी ठेवू नका, न वापरताच कमजोर होतो.

कागदी पिशवीबद्दल थोडक्यात. सुक्या, हलक्या मालाला उत्तम, ओल्याला निरुपयोगी. १०० जीएसएमच्या आसपासचा तपकिरी क्राफ्ट कागद घ्या. तळ दुहेरी घडीचा हवा, कारण एकेरी डिंकावर चिकटवलेला तळ दमट हवेत सुटतो. मैद्याची खळ लावलेल्या पिशव्यांचा साठा झुरळांपासून सांभाळावा लागतो. वर्तमानपत्राच्या पिशव्या वह्या-पुस्तकांना, खिळ्या-मोळ्यांना चालतील, पण वडापावाला नाही. छपाईची शाई तेलात उतरते, आणि अन्न बांधायला वर्तमानपत्र वापरणं अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या पॅकेजिंग नियमांनी मना आहे. एका बंदीतून सुटण्यासाठी दुसरी मोडण्याचा हा प्रकार गाड्यागाड्यांवर दिसतो. कोरा कागद किंवा पळसपानाचा द्रोण हे त्याचं साधं उत्तर आहे.

बंदी, मनाई आणि वर्ज्य या तीन शब्दांत आपली भाषा फरक करते. बंदी सरकार घालतं, मनाई वडीलधारे करतात, आणि वर्ज्य आपण स्वतः मानतो. चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं वर्ज्य करणाऱ्या घरात कोणी दंडाची पावती फाडत नाही, तरी चार महिने पाळलं जातं. त्यामागची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. आषाढी एकादशीच्या आधी कांदेनवमी येते, घरातला कांदा भज्यांत, झुणक्यात, थालीपिठात संपवला जातो. काय नाही ते ठरलेलं असतं, कधीपर्यंत नाही तेही ठरलेलं असतं, आणि त्याऐवजी काय शिजवायचं ते घरात सगळ्यांना येत असतं. २०१८च्या बंदीत साठा संपवायचे तीन महिने होते, म्हणजे कांदेनवमी होती. नव्हता तो तिसरा भाग. मावशींच्या गाडीपर्यंत दुसरी पिशवी पोचलीच नव्हती.

ती दुसरी पिशवी म्हणजे मांजरपाटाची. सगळ्या प्रकारांत हिला पहिला नंबर, आणि कारण टिकाऊपणा इतकाच दुरुस्तीही आहे. बंद तुटला तर परत शिवता येतो, बाकी कुठल्याच पिशवीचं तसं होत नाही. मात्र विकत मिळणाऱ्या निम्म्या कापडी पिशव्या चुकीच्या शिवलेल्या असतात. घेताना उलटी करून पाहा. तळाला शिलाई आहे का? असेल तर सगळं ओझं त्या एका धाग्यावर आहे. चांगल्या पिशवीत कापड तळाशी नुसतं दुमडलेलं असतं आणि शिलाई फक्त दोन बाजूंना. बंद वरच्या पट्टीला एका ओळीत टाचलेला असेल तर नको. दीड इंच खाली उतरवून चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई हवी. खळीने कडक केलेलं कापड दुकानात जाड वाटतं, पहिल्या धुण्यात खळ जाते आणि हातात मलमल उरते. कापड दोन बोटांत चोळून पाहा, पांढरी भुकटी उडाली तर ती खळ.

घरी किंवा शेजारच्या शिंप्याकडून शिवून घेणं सर्वांत चांगलं. ३६ इंच पन्ह्याचा मांजरपाट एक मीटर दहा सेंटिमीटर घ्या, त्यात दोन पिशव्या बसतात आणि चिंधीही जवळजवळ उरत नाही. कापड रात्रभर भिजवून वाळवा, मगच कापा. कोरं कापड लांबीत दोन-तीन इंच आटतं, पन्हाही इंचभर. हे न करता शिवलं की पहिल्या धुण्यानंतर शिलाई चुण्या धरते. आटल्यावर पन्ह्यातून १४ इंच रुंदीचे दोन तुकडे उभ्या धाग्याने कापा, लांबी ३८ इंच. उरलेली सात इंचांची उभी पट्टी मधोमध चिरा, साडेतीन इंचांच्या दोन पट्ट्या होतील. प्रत्येकीचे दोन भाग केले की चार बंद झाले. बंद दोन्ही कडांनी आत दुमडून परत मधोमध दुमडा. चार पदर होतात आणि सव्वादोन सेंटिमीटर रुंदीचा पट्टा मिळतो, तो बोटांना कापत नाही. मोठा तुकडा मधोमध दुमडा. बाजूंची पहिली शिलाई सुलट बाजूने पाव इंचावर घाला, पिशवी उलटवा आणि दुसरी शिलाई घाला, म्हणजे कापलेल्या कडा आत कोंडल्या जातात आणि धागे सुटत नाहीत. तोंडाची पट्टी दीड इंच दुमडून तिच्यात बंद अडकवा. तयार पिशवी साधारण १३ बाय १७ इंचांची होते. धागा पॉलिस्टरचा वापरा, सुती धागा धुण्याच्या माराने कापडाच्या आधी तुटतो. शिवून झाली की सहा किलो बटाटे भरून रात्रभर खुंटीला टांगा. सकाळी बंदाजवळ भोकं ताणलेली दिसली तर टाके फार जवळजवळ पडले आहेत. सुईने कापड कातरल्यासारखं होतं, टाका जरा लांब करा.

जुन्या सुती साडीचीही छान पिशवी होते, पण निऱ्यांचा आणि बसण्याचा भाग झिजलेला असतो, तो टाळा. काठ मात्र बहुधा शाबूत असतात, त्यांचे बंद करा.

एक पथ्य मात्र सांगायलाच हवं. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११मध्ये काढलेल्या हिशेबात, हवामानावरचा भार पाहता, सुती पिशवी एकदाच वापरलेल्या पातळ पिशवीपेक्षा उजवी ठरायला १३१ वेळा वापरावी लागते. आठवड्याला दोनदा मंडई केली तर सव्वा वर्ष. म्हणजे घरात चार पिशव्या पुरेत. लग्नात, उद्घाटनात, प्रचारात वाटलेल्या चाळीस पिशव्यांची चळत कपाटात असेल तर त्या गाडीवर नेऊन द्या, तिथे त्यांचे १३१ फेरे लवकर भरतील.

ओल्या मालाला पिशवी नकोच. मासे, मटण, दही यांना झाकणाचा स्टीलचा डबा, आणि डबा तराजूवर आधी रिकामा तोलायला सांगायचं. मासे कापडी पिशवीत आणले असतील तर पिशवी आधी गार पाण्यात खंगाळा. गरम पाण्याने रक्ताचा डाग बसतो आणि वास जात नाही. पालेभाजीला पिशवी ओली चालते, पण घरी आल्यावर लगेच रिकामी करून उन्हात उलटी टाका, नाहीतर दुसऱ्या दिवशी काळे ठिपके धरतात आणि ते निघत नाहीत. फुलपुडी पानातच मागा. अजून पुष्कळ फुलवाले सांगितलं की पानात बांधून देतात.

दुधाची पिशवी २०१८च्या बंदीतून बाहेर ठेवली, ५० मायक्रॉनच्या वर आणि परत घेण्याची किंमत छापण्याच्या अटीवर. ती कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. तिरपा काप देऊन कोपरा पिशवीला लटकता ठेवा. पिशवी धुऊन वाळवली तर भंगारात जाते, पण सुटलेला त्रिकोणी तुकडा कोणी वेचू शकत नाही.